मॅट्रिक्सचा अर्थ

"बाई, तुम्ही वर्गात तो शब्द उच्चारलात की नाही, एवढंच सांगा," आबासाहेब म्हणाले.

"कुठला शब्द?"

"तुम्हाला माहिती आहे."

"मला माहितीच आहे. तुम्हाला कुठला म्हणायचाय ते विचारतेय."

आबासाहेबांनी प्राचार्य नलवड्यांकडे पाहिलं. नलवड्यांनी डॉ. कोठावळ्यांकडे पाहिलं. डॉक्टर बशीतला चहा फुंकत होते. शिपायाला चहा ठेवल्या ठेवल्या बाहेर पाठवून दार लावून घेतलं होतं, का तर त्याच्या कानावर काही पडू नये. शनिवारची दुपार होती, कॉलेज सुटलं होतं आणि प्राचार्यांच्या खोलीत तीन थोर पुरुष माझी चौकशी करत बसले होते. चौकशी ज्या शब्दाची होती, तो तिघांतल्या एकाच्याही तोंडून निघत नव्हता. अर्धा तास झाला होता. मला आधी हसू येत होतं, आता नुसता संताप येत होता.

सीना नदीच्या काठचं ते तालुक्याचं गाव. साल चौऱ्याऐंशी. मी कोल्हापूरहून एम.एस्सी. करून तिथल्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला आले, त्याला दोन वर्षं होत आली होती. दोन वर्षं भरली की माणूस कायम व्हायचा. कायम करायचं की नाही ते संस्थेची स्थानिक समिती ठरवायची, आणि समिती म्हणजे हेच तिघे. आबासाहेब मोहोळकर अध्यक्ष. गावात त्यांच्या शब्दाबाहेर चिमणी उडत नसे. डॉ. कोठावळ्यांचा बाजारपेठेत दुमजली दवाखाना होता. आणि नलवडे सर बिचारे इतिहासाचे, स्वभावानं गरीब. मला नेमलं त्यांनीच, त्यामुळे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त घाम फुटला होता.

मला ती नोकरी हवी होती, हे आधीच सांगते. गाव आवडायचं म्हणून नव्हे. पाणी दोन दिवसांआड यायचं आणि घरमालकीण माझी पत्रं उजेडात धरून बघायची. पण घरी "गणित करून मुलीनं काय दिवे लावायचेत" असं म्हणणाऱ्यांची पलटण होती, आणि त्यांच्या तोंडावर मारायला माझ्याकडे ही एकच गोष्ट होती. कायम झाले की परत घरी जाऊन कांदेपोह्यांना बसावं लागणार नव्हतं. नाही झाले तर बिऱ्हाड बांधायचं आणि त्या पलटणीसमोर जाऊन उभं राहायचं.

आणि झालं होतं एवढंच. बारावीच्या वर्गात मी नवा धडा सुरू केला आणि फळ्यावर लिहिलं, मॅट्रिक्स. ती मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. अकरावीत एकदम सगळं इंग्रजी अंगावर आलेलं. नवा शब्द दिसला की त्यांचे चेहरे पडायचे. म्हणून मी शब्दाची फोड करून सांगायची. टॅन्जंट म्हणजे लॅटिनमध्ये 'स्पर्श करणारी', म्हणून आपली स्पर्शिका. सीकंट म्हणजे 'कापणारी', म्हणून छेदिका. असं सांगितलं की ती जरा सैल व्हायची, उदाहरणाला हात घालायची.

त्या दिवशी शेवटच्या बाकावरचा एक टगा ओरडला, "मॅडम, मॅट्रिक तर आमी दोन वर्सांमागंच झालो की!"

वर्ग हसला, मीही हसले. म्हटलं, "बरोबर बोललास. ते दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये मातेर म्हणजे आई, आपल्या मातृचंच भावंड. आणि मॅट्रिक्स म्हणजे गर्भाशय. तुम्ही डिटर्मिनंट शिकलात ना? एका इंग्रज गणितज्ञाला प्रश्न पडला, हे सगळे डिटर्मिनंट आकड्यांच्या ज्या चौकटीतून जन्माला येतात, तिला म्हणायचं काय? त्यानं म्हटलं, मॅट्रिक्स. किती नेमकं नाव आहे बघा."

मला ते खरंच फार सुंदर वाटायचं. अजूनही वाटतं. पण वर्ग चिडीचूप झाला होता. मग कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलींच्या दोन बाकांवर सगळ्या माना खाली गेल्या. मी खडू उचलला आणि आडव्या ओळी, उभे स्तंभ समजावायला लागले.

तास संपल्यावर व्हरांड्यात मागून एक मुलगी आली. शालन वाघमोडे, चार मैलांवरच्या वाडीवरून चालत येणारी. दोन वर्षांत तिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता.

"मॅडम, ते तुम्ही म्हनला ते... बायांची पिशवी म्हनत्यात, तीच का?"

"तीच."

"तिच्यातच असतो आपन? आदी?"

"हो. सगळे असतात."

"पोरंसुदीक?"

"पोरंसुद्धा. ती हसणारीसुद्धा." मला पुढचा तास होता आणि मी जरा वैतागलेच. "शालन, तुला बायॉलॉजी आहे ना? हे तिथे शिकवलं नाही?"

"बिडकर सर म्हनले, तो धडा घरी वाचा. घरी वाचाय लागले की आण्णा इचारत्यात, कसलं चितर हाय ते." ती खाली बघत म्हणाली आणि निघून गेली. तिला आणखी काही विचारायचं होतं असं मला वाटलं, पण घंटा झाली होती.

आठवड्यात ही बैठक. कुणा पालकाची तक्रार आली होती. कुणाची, ते सांगायला तिघेही तयार नव्हते.

"तक्रार अशी आहे," नलवडे सर घसा साफ करत म्हणाले, "की वर्गात मुलं-मुली एकत्र बसलेली असताना बाईंनी, म्हणजे, स्त्रीच्या... शरीरातल्या... एका..."

"युटरस," डॉक्टर म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

खोलीत एकदम वारा आल्यासारखं झालं. आबासाहेब खुर्चीत सैलावले. "हां. ते. ते युटरस. तसं म्हणालं की कसं, काही वाटत नाही."

"मग मॅट्रिक्स म्हणाल्यावर का वाटलं?" मी विचारलं. "ते तर लॅटिन आहे. इंग्रजीपेक्षाही लांबचं."

"मॅट्रिक्सला आमची हरकत नाही. अर्थ कशाला सांगितला?"

"मुलांना कळावं म्हणून. त्याच कामासाठी मला ठेवलंय."

"बाई," नलवडे सर काकुळतीला आले, "मी डिक्शनरीत बघितलं. साचा असाही अर्थ दिलाय. मोल्ड. छापखान्यात अक्षरं ओततात तो. किती सोज्वळ अर्थ आहे! तुम्ही साचा म्हणा ना."

"आहे ना तो अर्थ. पण साच्याला ते नाव नंतर मिळालं सर. ज्यात काही घडतं, आकाराला येतं, म्हणून. मूळ शब्द तोच आहे, जो तुम्हाला म्हणवत नाहीये."

"तुम्हाला तरी म्हणवतो कसा?" आबासाहेब म्हणाले. "तुम्ही कुमारिका. चांगल्या घरच्या. आमच्या घरच्या बाया पन्नाशीला आल्या तरी हा शब्द त्यांच्या तोंडी नाही."

"कसा असेल? कुणी शिकवलाच नाही."

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. त्यांचा आवाज मऊ होता, पेशंटला सांगतात तसा. "शिरगावकर बाई, तुमचा हेतू चांगला आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण ही खेड्यापाड्यातली माणसं. वर्गात बोललेलं घरात जातं. अर्धवट कळतं, आणि मग घरातले लोक नको ते प्रश्न विचारायला लागतात. कोणाला कळावं, किती कळावं, याचं तारतम्य हवं." ते एकटेच काय ते शांतपणे बोलत होते, म्हणून मला त्यातल्या त्यात तेच बरे वाटले.

तडजोड तयार होती. सोमवारी मी वर्गात जायचं आणि सांगायचं की मागच्या वेळी अर्थ सांगण्यात माझी चूक झाली, मॅट्रिक्स म्हणजे साचा. नलवडे सर दाराशी उभे राहून ऐकतील. तेवढं झालं की तक्रार निकालात, आणि मार्चमध्ये मी कायम.

"एका वाक्याचा तर प्रश्न आहे बाई," सर म्हणाले.

एका वाक्याचाच होता. मी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं, खोटं कशाला बोलू. आईचा चेहरा आठवला, ती पलटण आठवली. पण गणिताच्या मास्तरणीची एक खोड असते. फळ्यावर चूक झाली की मी सगळ्या वर्गादेखत पुसते, त्यात मला कधी लाज वाटली नाही. रोज एखादी तरी पुसते. बरोबर असलेलं पुसायला मात्र हात उचलत नाही.

"सर, चुकलं असतं तर मी तुम्ही सांगायच्या आत पुसलं असतं," मी म्हटलं. "हे बरोबर आहे. ते कसं पुसू?"

आबासाहेब भडकले. "अहो, कशाला पाहिजे ते लॅटिन न् फिटिन! कोण मेलंय त्याच्यावाचून? आम्ही मॅट्रिक झालो बेचाळीस साली, सबंध तालुक्यात तिघंच होतो. आम्हाला कुणी कशाचा अर्थ सांगितला नाही. काही अडलं का आमचं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आई नेहमी म्हणायची, निरू, तुझ्या जिभेला हाड नाही, एक दिवस तीच तुला खड्ड्यात घालेल. आबासाहेबांच्या बंगल्याच्या फाटकावर संगमरवरी पाटी होती. तिच्यावर त्यांच्या नावापुढे 'मॅट्रिक' असं कोरलेलं होतं, सोनेरी रंग भरून. येता-जाता मी ती दोन वर्षं वाचत होते.

"आबासाहेब," मी म्हटलं, "मॅट्रिकसुद्धा त्यातलंच."

"काय?"

"विद्यापीठाच्या पटाला लॅटिनमध्ये मॅट्रिक्युला म्हणायचे. त्या पटावर नाव चढलं की मॅट्रिक. आणि मॅट्रिक्युला आली मॅट्रिक्समधून. तुमच्या फाटकावर सोनेरी अक्षरांत जे लिहिलंय ना, त्याचं मूळ बघायला गेलं तर..."

"बाई!" नलवडे सरांनी डोळे मिटून घेतले.

"...ते युटरसच आहे."

आबासाहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापासून लाल होत गेला. डॉक्टरांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते त्यांनी रुमालानं टिपलं. आबासाहेबांनी टोपी उचलली, डोक्यावर नीट बसवली आणि माझ्याकडे न बघता नलवड्यांना म्हणाले, "यांना सत्र संपेपर्यंत ठेवा. पोरांचं नुकसान नको." आणि ते निघून गेले.

बाहेर येऊन नलवडे सर मला हळूच म्हणाले, "ते खरं आहे का हो? मॅट्रिकचं?"

"खरं आहे."

"अरेरे," ते म्हणाले. "मीही मॅट्रिकच. मग बी.ए. झालो."

सोमवारी मी वर्गात गेले तर सर दाराशी उभे होतेच, वेडी आशा धरून. मी मॅट्रिक्सच्या गुणाकाराचं उदाहरण घेतलं आणि तास संपेपर्यंत तेच शिकवलं. सर मधेच निघून गेले. पुढे महिनाभर मी 'मॅट्रिक्स' म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. शब्द सोपा करायला गेले आणि माझ्याच धड्याचं हसं झालं. मला रोज वाटायचं, डस्टर फेकून मारावा.

स्टाफरूममध्ये कुणी माझ्याशी भांडलं नाही, कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. सगळे एकदम पेपर तपासायला लागायचे. बिडकर सरांनी तेवढा सल्ला दिला. "तुम्हाला काय गरज पडली होती हो? माझं बघा, वीस वर्षं झाली. तो धडा आला की सांगून टाकतो, घरी वाचा. परीक्षेलाही ऑप्शनला टाकता येतो."

मी त्यांना काहीतरी लागट बोलले. त्यांना लागलं नाही.

सत्र संपल्यावर संस्थेचं पत्र आलं, आपल्या सेवेची आवश्यकता नाही. मी सामान बांधलं. एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांची पिशवी. घरमालकीण दारात उभी राहून म्हणाली, "गणिताच्या बाईनं गणितच शिकवावं." तिच्यापर्यंतही पोचलं होतं. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं मी काय बोलले, आणि आता कुणालाच तो शब्द म्हणायची वेळ येणार नव्हती.

एस.टी. स्टँडवर भर उन्हाची ट्रंकेवर बसले होते. कोल्हापूरला जाणारी बस लागायची होती. मनातल्या मनात घरच्या पलटणीला द्यायची उत्तरं जुळवत होते, आणि एकही धड जुळत नव्हतं. कशासाठी केलं मी हे? एका लॅटिन शब्दासाठी? गाव सोडताना एक विद्यार्थी फिरकला नव्हता. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते आल्याचा आणखी राग येत होता.

"मॅडम."

शालन होती. तिच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, काटक, उन्हानं रापलेली. वय पस्तिशीच्या आतलंच असेल. हातात फडक्याचं गाठोडं होतं.

"ही माजी आई. सोजरबाई."

"वाटंत खाया भाकरी हायती," सोजरबाईंनी गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "कडक हायती, इटायच्या न्हाईत. शेंगाची चटनी हाय." आणि त्या जमिनीवर माझ्या समोर उकिडव्या बसल्या. "तुमी जाताव आमच्यामुळं."

"तुमच्यामुळं कसं?"

"ह्यांनीच तक्रार केली न्हवं का."

मी शालनकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"मला जरा तरास हुता," सोजरबाई आवाज खाली न आणता सांगायला लागल्या. शेजारी दोन बाप्ये बिडी ओढत बसले होते, त्यांची त्यांना फिकीर नव्हती. "अंगावरनं जायचं, कंबर धरायची. कोटावळे डाक्टर म्हनले, पिशवी खराब झालीया, काढून टाका. पोरं झाली, आता ती कशाला लागती? आमच्या वाडीतल्या लई जनींची काढलीया त्यांनी. माजी बी तारीख दिलती. हे बैल इकाया निगालं हुतं. आन् ही पोरगी कालेजातनं आली आन् इचारती, आई, ती पिशवी म्हंजी काय ठावं हाय का तुला? मी म्हनलं, असती एक, पोटात. तर म्हनली, मी तिच्यातच हुते का गं? म्हनलं, हुतीस की. सगळीच हुता."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. शालनचा अंगठा थांबला.

"तर म्हनली, मंग ती खराब हाय का न्हाई, आनि कुनाला तरी इचारूया. बापाफुडं म्हनली! तोंड वर करून! बापानं मारलं तिला. पर मी म्हनलं, पोरगी शिकलीया, तिचं येकदा ऐकू. माज्या भावाला घिऊन सोलापूरला गेलो मोठ्या दवाखान्यात. तितल्या डाक्टरीन बाई म्हनल्या, कुनी सांगितलं काढाया? गोळ्या खावा म्हयनाभर. खाल्ल्या. बरी हाय आता."

"आणि तक्रार?"

"तारीख मोडली तवा डाक्टरनंच ह्यांना बोलिवलं. म्हनले, पोरगी कुटनं शिकून आली आसलं? कोन शिकिवतंय कालेजात, बगा की जरा. आबासायबांच्या कानावर घाला. हे गेले."

प्राचार्यांच्या खोलीत तिघे बसले होते आणि मी समजत होते की तिघेही लाजताहेत. दोघे लाजतच होते. तो तिसरा मात्र लाजत नव्हता, तो चहा पीत होता, आणि शब्दही त्या एकट्यालाच म्हणता येत होता. मला तोच त्यातल्या त्यात बरा वाटला होता. उठून दवाखान्यात जावं आणि त्या दुमजली इमारतीसमोर उभं राहून ओरडावं असं वाटलं. पण सामान बांधून झालं होतं, तिकीट काढलेलं होतं, आणि माझं त्या गावात आता काहीही उरलेलं नव्हतं.

"मॅडम, तुमी रागावू नगा," सोजरबाई म्हणाल्या.

"तुमच्यावर नाही हो."

"नोकरी गेली तुमची."

"गेली."

"माजी पिशवी हाय," त्या म्हणाल्या, आणि पोटावर हात ठेवून हसल्या. पुढचे दोन दात पडलेले होते. शेजारच्या बाप्यांनी बिड्या विझवल्या आणि ते उठून लांब जाऊन बसले.

बस लागली. शालननं ट्रंक उचलून दिली, कुणाला हात लावू दिला नाही. मी खिडकीशी बसले. सोजरबाई खाली उन्हात उभ्या राहून, कपाळावर हात धरून वर बघत होत्या.

"मॅडम, त्या तुमच्या गनितात तिचं नाव कशाला लागतं?"

कंडक्टरनं घंटी मारली होती. मी होतं तेवढ्या वेळात सांगितलं. आकड्यांची एक चौकट असते, तिच्यातून दुसरे आकडे जन्माला येतात, म्हणून तिला ते नाव दिलं. सोजरबाईंनी मान डोलावली. त्यांना ते नलवडे सरांपेक्षा लवकर पटलं.

"आन् हिला येतं का ते गनित?"

एवढं होऊनही खोटं बोलायला जीभ वळेना. "नाही," मी म्हटलं. "काठावर आहे. गुणाकारात चुकते."

सोजरबाई गर्रकन वळल्या आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात लेकीला म्हणाल्या, "आगं, नऊ म्हयनं तिच्यात ऱ्हाऊन आलीस, आन् तिचंच गनित येईना व्हय तुला?"